खेळाशेजारी बसलेली ताई

बालवाडीत मूल नुसतं खेळतं की काही शिकतंही, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. 1926 साली गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ उभा केला, तेव्हापासून तो वेगवेगळ्या तोंडांनी विचारला जातो आहे. कधी आजोबा विचारतात, कधी पर्यवेक्षिका, कधी पहिलीचे गुरुजी. अलीकडे बहुतेक वेळा तो आई विचारते, आणि तिच्या डोळ्यांसमोर शेजारच्या मुलाची इंग्रजी नर्सरीतली वही असते. त्या वहीत तीन वर्षांच्या पोराने ए टू झेड गिरवलेलं असतं. तिच्या मुलाच्या दप्तरात अंगणवाडीतून परत आलेला रिकामा डबा आणि खिशात चार चिंचोके.

कागदावर या प्रश्नाचा निकाल केव्हाच लागला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला. ऑक्टोबर 2022 मध्ये या टप्प्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला आणि त्यात खेळाला मध्यवर्ती जागा मिळाली. फेब्रुवारी 2023 मध्ये ‘जादुई पिटारा’ ही खेळण्यांची, कोड्यांची, बाहुल्यांची पेटी जाहीर झाली आणि त्याच वर्षी मे महिन्यात अंगणवाड्यांसाठी ‘पोषण भी, पढाई भी’ ही मोहीम सुरू झाली. महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांत ‘आकार’ हा कृतींवर आणि खेळांवर उभा असलेला अभ्यासक्रम त्याआधीपासून आहे. धोरणात आज खेळाच्या विरोधात कोणीच बोलत नाही. तरीही अंगणवाडीच्या दारात आईचा प्रश्न तसाच उभा आहे. ‘मुलं खेळातून शिकतात’ एवढं ऐकवून तिचं समाधान होत नाही, आणि होऊही नये. कोणत्या खेळातून, काय, आणि तिथे मोठ्या माणसाचं काम कोणतं, हे तिला सांगता आलं पाहिजे. जगभरातलं संशोधन आणि आपल्याकडचा अनुभव शेजारी ठेवून पाहिला की पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी मिळतात. तिसऱ्याकडे आपण सर्वांत कमी लक्ष दिलं आणि घोडं तिथेच अडलं आहे, असं माझं मत झालं आहे.

आधी एक खेळ जवळून पाहू. एका वाडीवरच्या अंगणवाडीत साडेचार वर्षांच्या एका मुलीने कोपऱ्यात दुकान मांडलं होतं. बदामाची पानं म्हणजे नोटा, चिंचोके म्हणजे चिल्लर, बाटल्यांची झाकणं म्हणजे बिस्किटांचे पुडे. बराच वेळ ती एकटीच माल लावत होती. दोन मुलगे आले, पानं दिली, झाकणं घेतली आणि पळाले. खेळ तिथेच संपायला आला होता, तेवढ्यात सेविकाताई समोर मांडी घालून बसल्या.

“दुकानवाल्या बाई, तीन पुडे द्या हो.”

मुलीने मूठभर झाकणं पुढे केली.

“अगं बाई, एवढे? आमच्या घरात तिघंच आहेत. एकेकाला एकच पुरे.”

मुलीने झाकणं मागे घेतली, ओळीत मांडली, एकेकावर बोट ठेवत तीन वेगळी काढली. “दहा रुपये.”

ताईंनी त्यातल्या त्यात मोठं पान शोधून पुढे केलं. “माझ्याकडे मोठी नोट आहे.”

मुलगी पानाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “सुट्टे नाहीत मावशी. उद्या द्या.” आणि शेजारच्या मुलाकडे वळून, “ए, लिहून ठेव.” त्याने खडू घेऊन फरशीवर एक नागमोडी रेघ ओढली.

पाच मिनिटांचा हा खेळ, पण त्यात किती काय घडलं ते पाहा. तीन माणसांना तीन पुडे, म्हणजे एकास एक संगती. लिहिण्याचा उपयोग काय, तर उधारी लक्षात राहावी. पान हे पान नसून नोट आहे, आणि मोठं पान म्हणजे मोठी नोट. शिवाय त्या मुलीने दुकानदाराची भूमिका पूर्ण वेळ सांभाळली. झाकणं कितीही आवडली तरी स्वतःच्या खिशात घातली नाहीत. हे सगळं तिच्यात आधीपासून होतं. पण ताई येऊन बसल्या नसत्या तर त्यातलं निम्मंही त्या दिवशी बाहेर आलं नसतं. ताईंनी दुकान मांडून दिलं नाही, पुडे मोजायला शिकवलं नाही, चुकलं म्हणून हात धरला नाही. त्या गिऱ्हाईक झाल्या आणि त्यांनी दुकानदारापुढे एक अडचण उभी केली.

लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1933 साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात नेमकी ही यंत्रणा सांगितली होती. काठीचा घोडा करणारं मूल वस्तूपासून तिचा अर्थ वेगळा काढायला शिकतं. अक्षर, अंक, नकाशा, पैसा या सगळ्यांच्या मुळाशी हीच करामत आहे: एक गोष्ट दुसरीच्या जागी उभी करायची. आणि खेळ जितका मोकळा दिसतो तितका तो मोकळा नसतो, त्यात भूमिकेचे नियम असतात. मूल ते नियम आपणहून पाळतं आणि त्यातून स्वतःला आवरायला शिकतं. फ्रेडरिक फ्रॉबेलने 1837 साली जर्मनीत ब्लांकेनबुर्गला मुलांची शाळा काढली आणि काही वर्षांतच तिला किंडरगार्टन हे नाव दिलं, त्यामागेही खेळावरचा हाच विश्वास होता. मारिया मॉन्टेसोरींचं मात्र थोडं वेगळं आहे. रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत 1907 मध्ये त्यांचं पहिलं बालगृह उघडलं, तिथल्या मुलांच्या हालचालीला त्या खेळ न म्हणता काम म्हणत. लुटुपुटूच्या खेळांना त्यांच्या पद्धतीत फारशी जागा नाही. आपल्याकडे गल्लीतल्या कुठल्याही नर्सरीच्या पाटीवर मॉन्टेसरी लिहिलेलं असतं आणि आत मुलं रांगेत बसून पाढे म्हणत असतात, त्याला तर या दोन्हींपैकी कशाचाच आधार नाही.

गणिताची बाजू मला सर्वांत समृद्ध वाटते, म्हणून तिथे जरा थांबते. वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाला “मला चार गोट्या दे” म्हटलं तर ते बहुधा मूठभर देतं. केरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 च्या सुमारास हे नीट तपासून दाखवलं. अंकांची माळ म्हणता येणं आणि शेवटी म्हटलेला अंक म्हणजे ‘एकूण किती’ हे उमगणं, या दोन पायऱ्यांमध्ये बराच काळ जातो. आपल्या घरांत पाहुण्यांसमोर “म्हणून दाखव बाळा” म्हणत ज्याचं कौतुक होतं, ती पहिली पायरी. मराठीत तर एकवीस ते नव्व्याण्णव हे शब्द उलटे आणि अनियमित आहेत. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची वाट दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! तो वाद बाजूला ठेवला तरी एवढं खरं की माळ पाठ करण्याचं ओझं मराठी मुलाला जास्त आहे, म्हणून हातात वस्तू घेऊन मोजण्याची गरजही त्याला जास्त आहे.

गीता रमानी आणि रॉबर्ट सीगलर यांनी 2008 मध्ये अमेरिकेतल्या गरीब वस्त्यांतल्या बालवाड्यांत एक साधा प्रयोग केला. एक ते दहा अंकांची घरं एका ओळीत असलेला पट आणि एक चक्री. मूल मोठ्या माणसाबरोबर खेळतं, घरं पुढे सरकताना अंक मोठ्याने म्हणतं. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, दोन आठवड्यांत. एवढ्यावर मुलांची अंकांची ओळख, मोजणं, लहान-मोठं ओळखणं सगळंच सुधारलं, आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तरी ती सुधारणा टिकून होती. दुसऱ्या गटाने तसाच पट खेळला, फक्त घरांत अंकांऐवजी रंग होते. त्या गटाला असा काही फायदा झाला नाही. खेळ तोच, मजाही तीच, फरक पडला तो पटावर काय छापलं होतं आणि खेळताना तोंडाने काय म्हटलं जात होतं याने. ज्या घरांत सापशिडी आहे तिथे मूल हे न कळत शिकतं. जिथे नाही तिथे अंगणवाडीच्या फरशीवर खडूने दहा घरं आखायला एक पैसाही लागत नाही.

भारतातला या विषयावरचा सर्वांत नेटका प्रयोग दिल्लीत झाला. मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ संस्थेबरोबर 214 बालवाड्यांतल्या 1,540 मुलांना अंदाज, आकार, संख्या यांचे खेळ चार महिने खेळायला दिले. 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये निष्कर्ष छापून आले. मुलांची संख्यांची आणि आकारांची उपजत समज वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीत गेल्यावर शाळेच्या गणितात ही मुलं इतरांपेक्षा पुढे नव्हती. खेळाच्या बाजूने बोलणाऱ्या कोणीही हा निष्कर्ष लपवू नये. मला तो फार मोलाचा वाटतो. ठिपक्यांचे दोन ढीग पाहून ‘इकडे जास्त’ म्हणता येणं, आणि ‘पाच’ हा शब्द, ‘५’ ही खूण आणि पाच वस्तू यांची सांगड घालता येणं, यांत अंतर आहे. ते मूल एकट्याने ओलांडत नाही. कोणीतरी शेजारी बसून “एकेकाला एकच पुरे” म्हणावं लागतं.

एकूण पुराव्याकडे पाहतानाही असाच प्रामाणिकपणा हवा. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये लुटुपुटूच्या खेळावरचं तोवरचं संशोधन चाळून पाहिलं आणि सांगितलं की अशा खेळामुळेच सर्जनशीलता किंवा बुद्धी वाढते हे ठामपणे सिद्ध करणारा पुरावा कच्चा आहे. भाषा आणि गोष्ट सांगण्याची क्षमता या बाबतीत तो थोडा बरा. हा आढावा आल्यावर खेळवादी मंडळी नाराज झाली, पण त्यातून विचार पुढे गेला. मुलांना नुसतं मोकळं सोडणं आणि समोर बसवून शिकवणं यांच्या मधली वाट आहे. इंग्रजीत तिला जे नाव आहे त्याला मराठीत आपण ‘सोबतीचा खेळ’ म्हणू. खेळ मुलाच्या हातात राहतो, मोठं माणूस एखादी वस्तू ठेवतं, एखादा प्रश्न टाकतं, एखादी अडचण आणतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2022 मध्ये 39 अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सुरुवातीचं गणित, आकारांची ओळख आणि एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवणं या गोष्टींत असा खेळ थेट शिकवण्यापेक्षा सरस ठरला. उरलेल्या बाबतींत तो मागे पडला नाही.

पण सोबत म्हणजे काय, यातही खाचाखोचा आहेत. एलिझाबेथ बोनाविट्झ यांच्या गटाने 2011 मध्ये एक खेळणं बनवलं, त्यात चार छुप्या गमती होत्या. एक नळी ओढली की आवाज यायचा, दुसरीकडे छोटा आरसा, असं काही. काही मुलांना बाईंनी “बघा हं, हे असं चालतं” म्हणून एक गंमत करून दाखवली. काहींसमोर तीच गंमत जणू चुकून घडली. ज्यांना ‘शिकवलं’ ती मुलं तेवढंच करत राहिली. दुसऱ्या मुलांनी खेळण्याचा कानाकोपरा तपासला आणि उरलेल्या गमती जास्त शोधल्या. ताईने सगळं दाखवून टाकलं की मुलाला वाटतं, आता यात आणखी काही नाही. ताई लांब बसून रजिस्टर भरत राहिली की खेळ तिथल्या तिथे फिरत राहतो. या दोन्हींच्या मधली जागा पकडणं हे कसब आहे, आणि ते पेटीतून येत नाही. जादुई पिटारा कितीही देखणा असला तरी ‘खेळणी हरवतील’ या भीतीने तो कपाटात कुलूपबंद राहिला, तर त्यात जादू कसली!

आता पोषणाकडे येते, कारण अंगणवाडीची ओळख आपल्याकडे खिचडीची आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली तेव्हा तिच्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही एक होती. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि मातांचं आरोग्य-पोषण शिक्षण या बाकीच्या पाच. कुपोषणाच्या बातम्यांमुळे आहार पुढे आला आणि खेळ मागे पडला. ते समजण्यासारखं आहे. पण पोषण आधी आणि खेळ नंतर असा क्रम शरीराला मान्य नाही. जमैकात किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी 1986-87 मध्ये वाढ खुंटलेली 129 बाळं निवडली, वय नऊ महिने ते दोन वर्षं. काहींना दूधपूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एक तास आरोग्यसेविका येऊन आईला बाळाशी खेळायला शिकवायची, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा खेळाची सोबत मिळालेली मुलं तरुणपणी सुमारे 25 टक्के जास्त कमावत होती. नुसत्या आहाराचा असा दूरवरचा परिणाम दिसला नाही. ओडिशात याच धर्तीवर कटकच्या वस्त्यांत आणि पुढे खेड्यांतही प्रयोग झाले आणि मुलांच्या बौद्धिक वाढीत फायदा दिसला. मेळघाटात, नंदुरबारात, पालघरात जिथे बाळाच्या दंडाचा घेर मोजायला आपण टेप घेऊन जातो, तिथे तीच सेविका आईच्या मांडीवरच्या बाळाशी दहा मिनिटं खेळून दाखवू शकते. त्या दहा मिनिटांची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

महाराष्ट्रात याचा विचार योजनेच्या कितीतरी आधी झाला होता. ताराबाईंनी 1936 साली दादरला शिशुविहार सुरू केलं, पण शहरी मध्यमवर्गाच्या मुलांवर त्यांचं मन थांबलं नाही. 1945 साली त्या डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मॉन्टेसोरींची महाग साधनं तिथे परवडणारी नव्हती. शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, माती यांतून साधनं उभी राहिली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी तिथली. नंतर देशभरच्या योजनेने तेच नाव घेतलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली, म्हणजे लहान भावंडाला सांभाळणाऱ्या बहिणीची शाळा सुटू नये. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. हे सगळं वारली पाड्यांवर घडलं, त्याला हवी तेवढी साधनं नव्हती, इमारती नव्हत्या. दोन बायका आणि त्यांनी तयार केलेल्या बालसेविका होत्या. मुलाला आंघोळ घालणं, नखं कापणं, गोष्ट सांगणं आणि खेळणं यांत त्यांनी भेद केला नाही. रमेश पानसे यांची ग्राममंगल आणि नीलेश निमकर यांची क्वेस्ट या संस्था याच डहाणू-वाड्याच्या पट्ट्यात पुढे काम करत राहिल्या, हा योगायोग नव्हे. त्या मातीत ही परंपरा आहे.

भाषेची गोष्टही तिथूनच कळते. वारली, कोरकू, पावरी, गोंडी घरात बोलणारं तीन वर्षांचं मूल अंगणवाडीत येतं तेव्हा ताईची मराठी त्याला परकी असते. फळ्यासमोर बसवलं की ते गप्प होतं आणि शेरा पडतो, ‘मूल मंद आहे’. भातुकलीत बसवलं की तेच मूल अखंड बोलतं, अर्थात आपल्या भाषेत. तिथे ताईने त्याच्या भाषेतला एक शब्द उचलला, मराठीतला एक दिला, की देवाणघेवाण सुरू होते. प्रमाण मराठीचा आग्रह धरणाऱ्या पर्यवेक्षकांनी हे एकदा शांतपणे बसून पाहावं. मुलाची भाषा खेळातून दाराबाहेर काढली तर खेळही तिच्याबरोबर जातो.

परत आईकडे येऊ. ‘लिहायला कधी घेणार’ हा तिचा आग्रह चुकीचा असला तरी त्यामागची भीती खरी आहे. पहिलीच्या वर्गात मूल मागे पडेल, गुरुजी ओरडतील. 1993 च्या यशपाल समितीच्या ‘ओझ्याविना शिक्षण’ अहवालातही या वयातल्या मुलांच्या प्रवेश परीक्षा आणि मुलाखती बंद कराव्यात असं म्हटलं होतं, पण पहिलीचा धाक कमी झाला नाही. आईला सांगण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक शरीराची. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चाच असतात आणि एकेक करून पक्की होत जातात. सातवं पक्कं व्हायला साधारण सहावं-सातवं वर्ष उजाडतं, आठवं त्याहून उशिरा. हाडं पक्की झाल्याशिवाय लिहूच नये असा याचा अर्थ नाही. पण मळलेली कणीक दाबणं, मणी ओवणं, सागरगोटे झेलणं, कागद फाडणं यांत बोटांची जी तयारी होते ती वहीत ‘अ’ पन्नासदा काढून होत नाही, मूल फक्त लवकर दमतं. दुसरी गोष्ट वाचनाची. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट यांनी पाच वर्षांपासून वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं यांची तुलना केली. दहा-अकराव्या वर्षापर्यंत दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. हा प्रयोग नव्हता, निरीक्षण होतं, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण घाईचा फायदा टिकतो असं मानायलाही त्यात जागा नाही.

याच्या उलट टोकाचा इशारा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातून मिळतो. तिथे सरकारी बालवाडीला जागा कमी आणि अर्ज जास्त होते, म्हणून सोडतीने प्रवेश दिले गेले आणि 2,990 मुलांचा सहावीपर्यंत मागोवा घेता आला. बालवाडी संपताना या मुलांची अक्षरओळख पुढे होती. 2022 मध्ये सहावीचे निकाल छापून आले तेव्हा ती बालवाडीत न गेलेल्यांच्या मागे होती आणि वर्तनाच्या तक्रारीही जास्त. कारण कोणी सिद्ध केलेलं नाही. या अभ्यासातल्या डेल फॅरन यांचा अंदाज मात्र विचार करायला लावतो: सगळ्या वर्गाला एकदम शिकवणं, रांगा, गप्प बसवणं यांत दिवस जात होता. याउलट 1962 ते 1967 दरम्यान मिशिगनमधल्या पेरी बालवाडीत वीस-पंचवीस मुलांमागे चार शिक्षिका होत्या, मुलं आपला खेळ स्वतः ठरवायची आणि खेळून झालं की काय केलं ते सांगायची, शिक्षिका दर आठवड्याला घरी जायच्या. त्या 123 मुलांच्या अभ्यासाचे चांगले परिणाम चाळिशीपर्यंत दिसले. दोन्हींना नाव बालवाडीच, पण आतला दिवस सारखा नव्हता.

भारतात आंबेडकर विद्यापीठ, दिल्ली आणि असर सेंटर यांनी आसाम, राजस्थान, तेलंगणातल्या सुमारे 14,000 ग्रामीण मुलांचा चौथ्या ते आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. 2017 च्या त्यांच्या अहवालात हेच चित्र उमटलं. बहुतेक केंद्रांत घोकंपट्टी, आणि जिथे खेळ-कृती होत्या तिथली मुलं शाळेसाठी जास्त तयार. म्हणजे काय करायला हवं हे आपल्याला ठाऊक आहे. ते करणार कोण, इथे सगळं येऊन थांबतं.

अंगणवाडी सेविकेचा दिवस पाहिला की उत्तर समजतं. सकाळी मुलं गोळा करायची, हजेरी, वजन, उंची, आहाराचं वाटप, गरोदर मातांच्या भेटी, लसीकरणाचा दिवस, सर्वेक्षणं, निवडणुकीचं काम. 2021 पासून पोषण ट्रॅकर ॲपवर रोजच्या नोंदी. आता घरपोच आहारासाठी चेहरा पडताळणीही. नेटवर्क नसेल तर गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन माहिती चढवायची. 2021 मध्येच महाराष्ट्रातल्या सेविकांनी निकृष्ट मोबाइल शासनाला परत केले होते, ते काही हौसेने नव्हे. डिसेंबर 2023 पासून दीड महिन्याहून जास्त काळ त्या संपावर होत्या. केंद्र सरकारने 2018 मध्ये दरमहा 4,500 रुपये ठरवले, राज्य त्यात भर घालतं, आणि या सगळ्याला पगार न म्हणता मानधन म्हणतात. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला, तोवर कायद्याच्या लेखी त्यांचं काम काम होतं की नाही याचाच वाद होता. अशा बाईने मांडी घालून गिऱ्हाईक व्हावं, दुकानदाराची अडचण शोधावी, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो?

तामिळनाडूत याचं उत्तर शोधलं गेलं, आणि या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं संशोधन मला तेच वाटतं. अलेहांद्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी 640 अंगणवाड्या घेतल्या. त्यांतल्या निम्म्या केंद्रांत, चिठ्ठ्या टाकून, एक जादा सेविका अर्ध्या वेळेसाठी नेमली. तिचं काम फक्त शालापूर्व शिक्षण. नवी इमारत नाही, नवी पेटी नाही. शिकण्या-खेळण्याला मिळणारा वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही लक्षणीय वाढली, आणि मूळ सेविकेला पोषणासाठी वेळ मिळाल्यामुळे वाढ खुंटण्याचं आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही घटलं. खर्चाच्या कितीतरी पट फायदा होईल असा त्यांचा हिशेब आहे. अर्ध्या दिवसाच्या एका बाईने पोषण आणि पढाई दोन्ही सुधारलं.

महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. प्रत्येकीत दुसरी ताई नेमायला पैसा आणि राजकीय इच्छा दोन्ही लागतील, आणि त्यासाठी आग्रह धरायला हवा. तोवर एक गोष्ट उद्यापासून होऊ शकते. जिल्हा परिषदेने एक परिपत्रक काढावं: सकाळी दहा ते बारा या वेळात सेविकेला कुठलीही माहिती मागायची नाही, बैठकीला बोलवायचं नाही, ॲपवर नोंद अडवायची नाही. पर्यवेक्षिका भेटीला आल्या तर त्यांनी रजिस्टर नंतर तपासावं आणि ते दोन तास मुलांमध्ये जमिनीवर बसून काढावेत. पालकसभेत वह्या दाखवण्याऐवजी आयांना फरशीवर आखलेल्या दहा घरांच्या पटावर मुलांबरोबर खेळवावं.